मदत हवी आहे: दहा वर्षांच्या नातवाला पहिल्यांदा छोट्या शिकारीला न्यायचंय (पेनसिल्व्हेनिया). खार, ससा की फेझंट?

हिकरीखाली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

यंदाच्या सीझनला नातवाला शिकारीला न्यायचं ठरतंय. वय दहा. मुलीनं आणि जावयानं होकार दिलाय, आणि तो स्वतः तर दोन वर्षं मागे लागलाय. मी मध्य पेनसिल्व्हेनियात चाळीसेक वर्षं राहतो. खार, ससा, फेझंट (तित्तराच्या कुळातला मोठा पक्षी) ही छोटी शिकार इथल्याच एका शेजाऱ्याकडून शिकलो आणि अजून करतो. पण स्वतः करणं वेगळं आणि लेकराच्या हाती बंदूक देणं वेगळं. अमेरिकेत शिकार करणारी मराठी माणसं इथे आहेत, म्हणून विचारतोय.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो. तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती राहायलाच हवी. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, घरात ससा आणि तित्तर शिजायचे. तो काळ संपला, आणि गावाकडे कुणी अजून गुपचूप करत असेल तर त्याला माझा अजिबात पाठिंबा नाही.

इथे बारा वर्षांखालच्या मुलाला 'मेंटर्ड यूथ' परवान्यावर नेता येतं. सोबतचा माणूस एकवीस वर्षांवरचा आणि परवानाधारक हवा. दोघांत मिळून बंदूक एकच. चालताना ती मोठ्याकडे, आणि पोराच्या हाती असेल तेव्हा पोरगा हाताच्या अंतरावर. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कपडा. हे सगळं मला तोंडपाठ आहे. मला हवंय ते नियमपुस्तिकेत नाही.

पहिलं म्हणजे, सुरुवात कशानं करू? माझा कल खारीकडे आहे. एका जागी बसून करायची शिकार, घाई नाही. पण घरात अडचण वेगळीच आहे. नातवाला त्याच्या आजीनं सेतू बांधणाऱ्या खारीची गोष्ट लहानपणापासून सांगितलेली आहे, रामानं पाठीवरून हात फिरवला ती. इथली करडी खार बिनपट्ट्यांची. आपल्या खारीसारखी दिसते ती पट्टेवाली चिपमंक, तिला मी कधी हात लावत नाही. हे मी हिला सांगून पाहिलं. तिला पटलेलं नाही, आणि तिच्या मनाविरुद्ध रेटायची माझी इच्छा नाही.

दुसरं, बंदूक. छर्‍यांची ४१० (बारीक नळीची) घेऊ की २० गेज (त्याहून जाड नळीची)? दुकानदार '४१० लहान मुलांची' म्हणतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पडलेलं जनावर, त्याची शेवटची तडफड, मग सोलणं... यातलं दहा वर्षांच्या मुलाला किती दाखवायचं? कुणी आपल्या मुला-नातवंडांना नेलं असेल तर मनमोकळं सांगा.

---

विस्कॉन्सिनची_सून

काका, मी सासऱ्यांकडून शिकले आणि आता माझी दोन्ही मुलं येतात. माझं मत स्पष्ट आहे: खारच.

फेझंट पायाखालून फडफडाट करत उठतो तेव्हा मोठी माणसंसुद्धा दचकतात. त्या क्षणात मुलानं पक्ष्याच्या मागे आकाश आहे की कुत्रा आहे की माणूस, हे बघायचं, सेफ्टी (चाप अडवून ठेवणारी कळ) काढायची आणि नेम धरायचा, ही अपेक्षा पहिल्या वर्षी फार झाली. ससा तर जमिनीलगत पळतो, बंदुकीची नळी त्याच्यामागे फिरत फिरत शेजारच्या माणसापर्यंत कधी येते कळत नाही. खार झाडावर असते. वेळ देते. तुम्ही कानात सांगू शकता, "थांब... अजून थांब... नाही, ही नको."

सप्टेंबरात सीझन उघडतो, पण पोराला ऑक्टोबरात न्या. सप्टेंबरात पानं दाट असतात, शेंड्यावर हालचाल दिसते पण खार दिसत नाही, मुलं कंटाळतात. शिवाय त्या दिवसांत खारींच्या कातडीखाली बॉट माशीच्या अळ्यांच्या गाठी असतात. मांसाला त्यानं काही होत नाही, पण पहिल्याच खारीवर मुलानं ते पाहिलं तर तो परत यायचा नाही.

पहिल्या दोन-तीन वेळा बंदूक नेऊच नका. उजाडायच्या आधी हिकरीच्या (अक्रोडाच्या कुळातलं झाड) बुंध्याशी पाठ टेकून बसा. कुरतडलेल्या टरफलांचे तुकडे पानांवर टपटप पडायला लागले की त्याला म्हणा, वर न बघता सांग कुठल्या झाडावर आहे. माझ्या धाकटीला हा भाग बार काढण्यापेक्षा जास्त आवडतो.

---

बुलढाणा_ते_टेक्सास

बंदुकीबद्दल मी सांगतो. मी इथल्या एका रेंजवर मुलांना शिकवतो.

४१० बद्दल दुकानदार सांगतोय ते अर्धंच खरं. काडतूस लहान, म्हणजे छर्रे कमी. छर्रे कमी म्हणजे जनावर जखमी होऊन पळायची भीती जास्त. ती मुरलेल्या हाताची बंदूक आहे, नवख्याची नव्हे. आणि बंदूक फार हलकी असली की छोट्या काडतुसाचा धक्कासुद्धा खांद्याला जाणवतो. २० गेजची लहान दस्त्याची 'यूथ' बंदूक घ्या, सरावाला कमी धक्क्याची काडतुसं वापरा. दस्त्याचं माप सोपं आहे: दस्ता कोपराच्या खळीत टेकवला की तर्जनीचं पेर चापापर्यंत आरामात पोचलं पाहिजे. मान ताणून, मागे रेलून उभा राहत असेल तर बंदूक त्याला मोठी आहे.

२२ ची रायफल झाडावरच्या खारीसाठी पहिल्या वर्षी नको. ती गोळी नेम चुकला तर मैलभराच्या पुढे जाऊ शकते. छर्रे तेवढे जात नाहीत.

आणि हे नक्की करा. मोठ्या पुठ्ठ्यावर खारीच्या आकाराचं चित्र काढा, ६ नंबरच्या छर्‍यांनी वीस यार्डांवरून एक बार त्यालाच काढू द्या, मग पुठ्ठा खाली उतरवून डोक्यात किती छर्रे लागले ते त्यालाच मोजू द्या. मग पंचवीस, मग तीस. छर्रे विरळ झाले की तिथे त्याची हद्द. ती त्यानं स्वतः पाहिलेली असते, त्यामुळे रानात "लांब आहे, नको" म्हणताना वाद होत नाही. कानाला मफ आणि डोळ्यांना चष्मा पहिल्या बारापासून. पहिला आवाज उघड्या कानांनी ऐकलेली मुलं पुढे चाप ओढताना डोळे मिटतात, आणि ती सवय सुटता सुटत नाही.

---

माळढोक_बघणारा

पुण्याहून लिहितोय. भांडायला आलेलो नाही, पण मनात आलं ते लिहितो. दहा वर्षांच्या मुलाला रानात न्यायचं तर दुर्बीण द्या, कॅमेरा द्या. टपटप पडणारी टरफलं ऐकायला बंदूक कशाला लागते?

---

हिकरीखाली (धागाकर्ता)

तुमचा प्रश्न रास्त आहे. दुर्बीण त्याच्याकडे आहेच, वुडकॉक पक्ष्याची लांब चोच तो मला दाखवतो.

माझी बाजू एवढीच, की आमच्या घरात कोंबडी-मटण दर आठवड्याला येतं आणि ते कुठून येतं हे त्या मुलानं कधी पाहिलेलं नाही. मांस खायचंच असेल तर एकदा तरी त्याचा जीव आपल्या हातून गेलेला असावा, असं मला मनापासून वाटतं. ते बघून उद्या त्यानं मांस सोडलं तर मी त्याच्या पाठीशी उभा राहीन.

दुसरी गोष्ट इथल्या व्यवस्थेची. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. पेनसिल्व्हेनियाच्या गेम कमिशनची (राज्याचं वन्यजीव खातं) तीनशेहून जास्त 'गेम लँड्स' (शिकारीला खुली सरकारी रानं) आहेत, सुमारे १५ लाख एकर. ती राखण्यात परवान्यांचा पैसा मोठा आहे. माझे पक्षी बघणारे मित्रही तिथेच फिरतात. खारींची इथे वाण नाही. रोजची मर्यादा सहा, आणि मी तिथवर कधी जात नाही. उलट ग्राउझ हा आमचा राज्यपक्षी, वेस्ट नाइल विषाणूनं त्याची फार हानी केली. त्याच्यावर बंदूक उचलणं मी सोडलंय, नातवालाही तो फक्त ऐकायला नेणार. फेझंट मूळचा आशियातला, कमिशन वाढवून सोडतं. त्या शिकारीत मन तेवढं रमत नाही, पण पुढच्या वर्षी नेईन.

---

दोन_लेकरांची_आई

काका, तुमच्या मुलीच्या जागी मी होते, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. माझ्या मुलाला त्याच्या आजोबांनी (नवऱ्याच्या वडिलांनी) नेलं तेव्हा तो नऊचा होता.

आदल्या रात्री सगळं सांगा. खार पडल्यावर पाय हलवू शकते, डोळे उघडे राहतात, कधी कधी ती लगेच मरत नाही. आणि हेही सांगा की तसं झालं तर दुसरा बार लगेच आजोबा काढतील, त्याच्यावर ते काम नाही. हे आधी ऐकलेलं असलं की मूल त्या क्षणी एकटं पडत नाही.

तो रडला तर "अरे, त्यात काय" म्हणू नका. माझा लेक रडला तेव्हा त्याचे आजोबा काही न बोलता शेजारी बसून राहिले, एवढंच पुरलं. ऐन वेळी त्यानं "नको" म्हटलं तर बंदूक रिकामी करा आणि घरी या. घरी आल्यावर कुणी कारण विचारायचं नाही, हे घरच्यांनाही बजावून ठेवा. आणि खार हातात धरून हसतानाचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकू नका, निदान त्याला विचारल्याशिवाय.

सोलणं दाखवा. कातडी आधी पाण्यानं चिंब ओली करायची, नाहीतर केस मांसाला चिकटतात. शेपटीच्या खालून काप द्यायचा, शेपटीवर पाय ठेवायचा, मागचे पाय धरून वर ओढायचं. सशाच्या वेळी हातमोजे हवेतच, ट्युलरेमियाची (सशापासून माणसाला होणारा आजार) भीती असते. काळजावर (लिव्हरवर) पांढरे ठिपके दिसले तर तो ससा खायचा नाही. घरी आलात की आधी दोघांच्या अंगावर गोचिडी शोधा. तुमच्याकडे गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराचा त्रास फार आहे.

---

नवीन_आलेला

थोडं अवांतर: माझे बाबा व्हिजिटर व्हिसावर येतायत, त्यांना गावाकडची सवय आहे. ते बंदूक धरू शकतात का?

---

बुलढाणा_ते_टेक्सास

@नवीन_आलेला, सांभाळून. व्हिजिटर किंवा एच-१बी व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही केंद्राच्या कायद्यानं मनाई आहे. इथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना असेल तर सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. रेंजवर "एकदा धरून बघा बाबा" म्हणण्याआधी वकिलाला विचारा.

---

विस्कॉन्सिनची_सून

काका, एक विसरले. खार माणूस दिसला की खोडाच्या मागे सरकते. दोघे असले की एकजण झाडाला वळसा घालतो आणि खार दुसऱ्याच्या समोर येते. तुम्हाला नातवापासून हलता येणार नाही, म्हणून शेजारी एक जाडसर काटकी ठेवा आणि झाडापलीकडच्या पाचोळ्यात फेका. बऱ्याचदा ती वळून तुमच्या बाजूला येते.

---

हिकरीखाली (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. बंदुकीचं ठरलं, २० गेज. ऑक्टोबरचंही ठरलं.

हिच्याशी काल पुन्हा बोललो, तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. ती म्हणाली, नातवाला दोन्ही गोष्टी सांगा, माझी आणि तुमची, आणि त्याला ठरवू द्या. तिच्या स्वयंपाकघरात खार शिजणार नाही, हे मात्र पक्कं. तेव्हा मीच अंगणातल्या शेगडीवर, वेगळ्या कुकरमध्ये. रात्रभर मिठाच्या पाण्यात, मग आलं-लसूण, कांदा-खोबऱ्याचं वाटण, आणि मटणापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त, कारण थोराड खार चिवट असते. शिजवायच्या आधी बोटांनी दाबून एकेक छर्रा काढायचं काम नातवाकडे. दाताखाली आला तर दात तुटतो.

आता एक अडचण उरली. पोरगा डावखुरा आहे. बॅट डावीकडून धरतो आणि नेम धरणारा डोळाही डावाच आहे, हातांचा त्रिकोण करून पाहिलं. इथे दुकानांत लहान दस्त्याच्या सगळ्या बंदुका उजव्यांसाठी दिसतात. काय करू?

---

बुलढाणा_ते_टेक्सास

डोळा आणि हात एकाच बाजूला आहेत म्हणजे अर्धं काम झालं, त्याला डाव्याच खांद्यावर शिकवा, उजवीकडे वळवायला जाऊ नका. मधून मोडणारी एकनळी घ्या: रिकामं काडतूस उजवीकडे फेकलं जाऊन तोंडासमोरून जात नाही, आणि मोडून ठेवली की तिच्यातून बार उडू शकत नाही हे तुम्हाला लांबूनही दिसतं. एकनळी नको असेल तर पंप बंदुकीत (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची) सेफ्टी वर, अंगठ्याखाली येते अशी बघा. चापाजवळची सेफ्टी डावखुऱ्याला उलटी पडते. दुकानात जाल तेव्हा त्याला सोबत न्या आणि जाड जॅकेट घालून दस्ता मापा. ऑक्टोबरात तो टी-शर्टवर नसणार.