स्वीनी टॉड: आधी सिनेमा बघावा की रंगमंचावरचं रेकॉर्डिंग? सल्ला हवाय

वेलदोडा:
नमस्कार मंडळी, जरा गोंधळात आहे म्हणून धागा काढतेय. माझी लेक एस.वाय.ला आहे, इंग्लिश लिटरेचर, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी सगळ्यांनी मिळून स्वीनी टॉड बघायचाच असं तिने ठरवून टाकलंय. सगळ्यांनी म्हणजे मी, ती आणि माझे बाबा. बाबा ७६ वर्षांचे, संगीत नाटकांवर जीव, कट्यारची पदं तोंडपाठ आणि २०१५ साली त्याचा सिनेमा आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात बघून आलेले. तर त्यांना हे इंग्रजी संगीत नाटक आहे एवढंच सांगितलंय आणि ते खूश आहेत. पण मी थोडं वाचलं तर न्हावी गिऱ्हाइकांचे गळे चिरतो आणि खालच्या मजल्यावरची बाई त्या मांसाचे पाय (इंग्रजीतले pie) करून विकते, म्हणजे आपण सारण भरलेली पेस्ट्री म्हणू तसे! शिवाय सिनेमा लागला तेव्हा लोक थिएटरातून उठून गेले होते असंही कळलं. ते रक्तामुळे गेले की आणखी कशाने? बाबांना झेपेल का? आणि टिम बर्टनचा २००७ चा सिनेमा आधी दाखवू की स्टेजवरचं रेकॉर्डिंग मिळतं ते? ज्यांनी दोन्ही बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

दूरदेशी:
ताई, उठून गेलेल्यांमधले दोघेतिघे मी स्वतः बघितलेत म्हणून लिहितो. मी तेव्हा इंग्लंडमध्ये शिकत होतो, तिकडे सिनेमा जानेवारी २००८ मध्ये लागला. आमच्या पुढच्या रांगेत कॉलेजची मुलं होती, जॉनी डेपसाठी आलेली (सिनेमात न्हावी तोच), आणि सुरुवातीलाच जहाजावर तो खलाशी पोरगा गायला लागला तेव्हा ती एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना वाटलं असेल एखादं गाणं असेल, संपेल. मग डेपही गातोय, मग ती पायवाली बाईही गातेय, आणि साधारण वीस मिनिटांत त्यातले काही चक्क निघून गेले. तोवर एकाचाही गळा चिरला नव्हता हो! म्हणजे रक्ताचा संबंधच नव्हता.

झालं असं होतं की ट्रेलरमध्ये गाणं जवळजवळ दाखवलंच नव्हतं, नुसते संवाद, अंधार, वस्तरा. लोकांना वाटलं भयपट आहे. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे तक्रारीही गेल्या होत्या की आम्हाला हे म्युझिकल आहे असं सांगितलंच नाही. मला त्या मुलांचा राग नाही आला, खरंच नाही, कारण भजीचं ताट म्हणून बसवलं आणि पुढे श्रीखंड आलं तर श्रीखंड कितीही चांगलं असलं तरी माणूस हिरमुसणारच. म्हणून माझा पहिला सल्ला हाच की बाबांना आणि लेकीला आधी नीट सांगून बसवा: बहुतेक सगळी गोष्ट गाण्यातून आहे, आणि ही सुडाची गोष्ट आहे.

तिसरी घंटा:
दूरदेशी यांना अनुमोदन. पण मी म्हणेन आधी रंगमंच, नंतर सिनेमा. माझं नाटकात थोडंफार काम आहे, बॅकस्टेजचं जास्त, त्यामुळे माझा कल तिकडे असणार हे धरून वाचा.

मूळ नाटक १ मार्च १९७९ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. संगीत आणि गीतं स्टीफन सॉन्डहाइमची, संहिता ह्यू व्हीलरची, दिग्दर्शक हॅरॉल्ड प्रिन्स. ५५७ प्रयोग झाले आणि टोनी पुरस्कार, म्हणजे तिकडचे नाटकांचे मोठे पुरस्कार, आठ. प्रिन्सने स्टेजवर अख्खा लोखंडी कारखाना उभा केला होता, आणि नाटकात कारखान्याचा भोंगा कर्कश वाजतो तेव्हा खुर्चीत बसलेला माणूस दचकतोच. सुरुवातीलाच समूह पुढे येऊन थेट प्रेक्षकांना गाऊन सांगतो की या न्हाव्याची गोष्ट ऐका. तोच समूह मध्ये मध्ये परत येतो आणि शेवटीही येतो.

आता तुमच्या बाबांना एका वाक्यात सांगायचं तर त्यांना घाशीराम कोतवाल नाटकाची आठवण करून द्या. १९७२ चं, तेंडुलकरांचं, भास्कर चंदावरकरांचं संगीत, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. ती ब्राह्मणांची रांग जशी कधी भिंत होते, कधी पडदा, कधी पुणं होते, तसाच इथला समूह म्हणजे लंडन आहे. आणि गोष्टीचा सांधाही तोच की हो! घाशीरामचा अपमान होतो, तो पोटच्या पोरीचा सौदा करून सत्ता मिळवतो आणि सूड मात्र अख्ख्या शहरावर उगवतो. इथे न्यायाधीश टर्पिनची नजर न्हाव्याच्या बायकोवर, म्हणून खोटा आरोप ठेवून न्हाव्याला ऑस्ट्रेलियाला पाठवलं, १५ वर्षांनी तो परत येतो तर पोरगी त्याच न्यायाधीशाच्या ताब्यात. हातात आलेला न्यायाधीश एकदा निसटतो आणि तिथून पुढे याला सगळेच मारण्याच्या लायकीचे वाटायला लागतात.

सिनेमाने तो समूहच काढून टाकला. त्याचे सूर मागे वाद्यांत ऐकू येतात, पण माणसं नाहीत. मला तेव्हा फार लागलं होतं ते. घाशीराममधून ती रांग काढली तर नाना आणि घाशीराम उरतील पण पुणं उरणार नाही, तसंच काहीसं. सॉन्डहाइमची या काटछाटीला संमती होती आणि सिनेमा त्याला आवडला होता हेही सांगायला हवं, तरी माझं मन काही मानत नाही.

रात्रपाळी:
मी उलट सांगते. आधी सिनेमाच. नाटक अडीच-तीन तासांचं, सिनेमा दोन तासांच्या आत संपतो, आणि पटापट गायलेलं इंग्रजी ७६ व्या वर्षी स्टेजच्या रेकॉर्डिंगमधून पकडणं अवघड जातं. सबटायटल्स नक्की लावा, दोन्हीकडे.

रक्ताबद्दल: भरपूर आहे, अमेरिकेत आर रेटिंग होतं (१७ वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) आणि इंग्लंडात १८ वर्षांवरच्यांसाठीच. पण सगळं जग राखाडी-निळसर आणि त्यात रक्त तेवढं भडक, रंगासारखं, त्यामुळे मी हॉस्पिटलात रोज बघते त्याच्याशी त्याचं काही नातं वाटलं नाही. मला त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. टोबी नावाचा पोरगा आहे, नाटकात तो थोडा मोठा, मंदबुद्धीचा तरुण असतो असं नंतर कळलं, सिनेमात तो लहान मुलगा आहे. तो त्या पायवाल्या बाईला गाऊन सांगतो की मी आहे ना, तुला कोणी त्रास देणार नाही, आणि तिला त्याच क्षणी कळून चुकलेलं असतं की आता या पोराचं काही खरं नाही. ती बाई झालेल्या हेलेना बोनहॅम कार्टरचा चेहरा तिथे बघा. माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाई तिथे रडत होत्या, गळे चिरताना त्या शांतपणे बघत होत्या. आणि अजून एक, न्हाव्याच्या बायकोवर मुखवट्यांच्या पार्टीत अत्याचार होतो तो प्रसंग गाण्यात सांगितलाय, थोडा दिसतोही, तेवढं लेकीला आणि बाबांना आधी सांगून ठेवा.

पेटीवाला:
गाण्यांबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून येतोय. ताई, बाबांची एक अपेक्षा आधीच बदलून ठेवा. आपल्या नाट्यसंगीतात पद आलं की गोष्ट थांबते, नट पद फुलवतो, ताना घेतो, वन्समोअर येतो, आणि मग गोष्ट पुढे सरकते. इथे गोष्ट गाण्याच्या आतच पुढे सरकते. गाणं चुकलं म्हणजे प्रसंग चुकला. त्यामुळे दाद द्यायला जागाच ठेवलेली नाही, आणि ज्यांना गाण्यात विसावा हवा असतो ते अस्वस्थ होतात.

डेप आणि बोनहॅम कार्टर तयारीचे गायक नाहीत. स्टेज ऐकून आलेल्या लोकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच होती आणि ती खरी आहे, बाई तर काही ठिकाणी कुजबुजल्यासारखं गातात. पण कॅमेरा तोंडाजवळ असताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची गरज नसते हे पण धरा. डेपला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं यासाठी. त्या बदल्यात ऑर्केस्ट्रा ऐका, जोनाथन ट्युनिकने सिनेमासाठी वाद्यमेळ मोठा केलाय, चांगले स्पीकर असतील तर जोडाच. आणि त्यात चर्चच्या जुन्या मृत्युगीताचे, दिएस इरेचे सूर जागोजागी विणलेत, पेटीवर वाजवून बघितलं तर चटकन सापडतात.

एक जागा बाबांना मुद्दाम ऐकवा. जोहॅना (हे त्या पोरीचं नाव) म्हणून गाणं आहे, ते नंतर परत येतं तेव्हा न्हावी अगदी हळुवार, पोरीच्या आठवणीत गातोय आणि हात गिऱ्हाइकांचे गळे कापतोय, एकामागून एक, सूर जराही न ढळता. इतकी गोड चाल आणि खाली ते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला.

मध्यंतर:
न्यू जर्सीहून. मी २०२३ चा ब्रॉडवेवरचा नवा प्रयोग बघितलाय, जॉश ग्रोबन आणि ॲनाली ॲशफर्डचा, २६ वादकांचा. मला एकच फरक सांगायचाय आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्या अंकाच्या शेवटी न्हावी आणि ती पायवाली बाई ठरवतात की मेलेल्या माणसाचं मांस वाया कशाला घालवायचं, आणि कुठल्या धंद्याच्या माणसाची चव कशी लागेल यावर वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या ठेक्यात कोट्या करत सुटतात. थिएटर अक्षरशः हसून कोसळत होतं. मीही हसले, पोट धरून हसले, आणि दिवे लागल्यावर मध्यंतरात रांगेत उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की आपण कशाला हसलो. दुसऱ्या अंकात जे होतं ते मग आपल्याही अंगावर येतं, कारण आपण त्यांच्यात सामील झालेलो असतो.

सिनेमात तेच गाणं खिडकीतून बाहेर रस्त्यावरची माणसं न्याहाळत होतं, दोघंही गंभीर, आणि मी बघितला तेव्हा हॉलमध्ये कोणीच हसलं नाही. वाईट आहे असं नाही, बर्टनला विनोदापेक्षा दुःख जास्त दिसलंय. पण म्हणूनच ज्यांनी फक्त सिनेमा बघितला ते म्हणतात उदास आहे आणि ज्यांनी नाटक बघितलं ते म्हणतात भयंकर विनोदी आहे, आणि दोघंही खरं बोलतात. रेकॉर्डिंग बघायचं तर १९८२ साली टीव्हीवर दाखवलेलं बघा, अँजेला लान्सबरी आणि जॉर्ज हर्नचं. त्यात प्रेक्षकांचं हसू ऐकू येतं, घरी बसून त्याची फार मदत होते.

वेलदोडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला धागा वाचून दाखवला. ठरलं असं की पहिल्या दिवशी १९८२ चं रेकॉर्डिंग, फक्त पहिला अंक, दुसऱ्या दिवशी सिनेमा पूर्ण. रात्रपाळी ताई, टोबीचं आणि त्या पार्टीचं आधीच सांगेन. बघून झालं की येतेच.

वेलदोडा:
बघितलं! पहिल्या दिवशी बाबा घाशीरामचं नाव काढल्यावर सरसावूनच बसले. भोंग्याला आम्ही तिघंही दचकलो. मध्यंतर म्हणाल्या तेच झालं, त्या पायांच्या गाण्यात लेक हसून हसून लोळली आणि बाबा आधी कपाळाला आठ्या घालून होते पण वकिलाच्या पायाच्या कोटीला तेही हसले (ते स्वतः वकील होते). गाणं संपल्यावर मात्र म्हणाले, "अरे देवा, आपण काय ऐकतोय हे!"

सिनेमा त्यांना जड गेला. रक्तात नाही, ते म्हणाले हे होळीचं दिसतंय. पण समूह नाही हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत खटकलं, "सांगणारं कोणी नाही यात, गोष्ट एकटी पडलीये." जोहॅनाची ती दुसरी जागा आली तेव्हा पूर्ण गप्प. संपल्यावर तेवढंच परत लावायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं, चित्र बघायचं नव्हतं त्यांना. लेकीचं उलटं, तिला सिनेमाच जास्त आवडला, ती म्हणते नाटकात मला माणसं लांबची वाटली आणि इथे टोबीचा हात दिसला. दोघांचा वाद दोन दिवस चालू आहे.

आता दुसऱ्या अंकाचं रेकॉर्डिंग राहिलंय ते आज रात्री. आणि १९७६ साली घाशीरामचा सिनेमा झाला होता, मोहन आगाशे आणि ओम पुरी असलेला, तो बाबांना लेकीला दाखवायचाय. कोणी अलीकडे बघितला असेल तर कॉलेजच्या मुलीला तो कसा वाटेल तेवढं सांगाल का?