मिस केरळ घ्यायचेत, पण मन खातंय

मुळाकाठ
नमस्कार मंडळी, चार फुटी टँक सायकल होऊन (म्हणजे पाणी मासे ठेवण्यालायक होऊन) तयार आहे आणि दुकानात मिस केरळ मासे बघितल्यापासून दुसरं काही सुचतच नाहीये. नाकापासून शेपटीपर्यंत काळी रेघ, तिच्यावर अर्ध्या अंगापर्यंत लालभडक पट्टा, शेपटीच्या टोकांना पिवळं-काळं. पण मित्र म्हणतो हे धोक्यातले मासे आहेत, घेऊ नकोस. दुकानदार म्हणतो सगळे टँक ब्रीड, म्हणजे नदीतून धरलेले नाहीत, टँकमध्येच पैदास केलेले. सहा घेऊ का? आणि पुण्याच्या उन्हाळ्यात टिकतील का?

ओढ्यातला_खडक
तुझा मित्र बरोबर बोलतोय. आधी यांना पुन्टियस या वंशात धरायचे, २०१३ मध्ये चार संशोधकांनी (त्यात आपले पुण्याचे नीलेश डहाणूकर पण होते) यांच्यासाठी वेगळा वंश केला, नाव दिलं सह्याद्रिया. आख्ख्या वंशात जाती दोनच, डेनिसोनी आणि चालक्कुडिएन्सिस, दुसरीच्या पाठीच्या परावर काळा डाग असतो. दोन्ही आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त. केरळ आणि कर्नाटकातल्या घाटातल्या काही नद्या सोडल्या तर जगात कुठेच नाहीत.

१९९७ ला सिंगापूरच्या ॲक्वारामा या शोभेच्या माशांच्या प्रदर्शनात मिस केरळला बक्षीस मिळालं आणि मागणी सुरू झाली. २००५ ते २०१२ मध्ये भारतातून तीन लाखांवर मिस केरळ बाहेर गेले. केरळ सरकारने २००८ मध्ये जून, जुलै आणि ऑक्टोबरला पकडायला बंदी घातली, पण हा मासा अंडी घालतो ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे एक ऑक्टोबर सोडला तर ऐन विणीच्या दिवसात जाळी पाण्यातच. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. त्यात वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून मासेमारी आहेच.

टँकवाली_सातारा
दादा, माझा अनुभव सांगते. तीन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून सहा आणले, त्यांनी पण टँक ब्रीडच सांगितलेलं. घरी येऊन टॉर्च मारून बघितलं तर दोघांची तोंडं सोललेली, पोटं आत गेलेली, टँक ब्रीड वाटेचनात. दहा दिवसात चार गेले, अजून आठवलं की वाईट वाटतं. म्हणून नुसतं "ब्रीड आहे का" विचारू नका, कुठल्या हॅचरीचे ते विचारा आणि बिल मागा. हॅचरीत पैदास होते यांची, इंडोनेशियात तर मोठ्या प्रमाणात.

उन्हाळ्याचं म्हणाल तर हे थंड, वाहत्या पाण्यातले मासे, २५ च्या खाली ठेवा, हीटर नको, पंखा लागेल, पाणी वाहतं ठेवायला वेव्हमेकर लागेल. आणि झाकण हवंच, उडी मारतात.

ओढ्यातला_खडक
+१ ताई. आणि फक्त केरळचंच नाही हां, त्याच व्यापारात आपल्या कृष्णा खोऱ्यातला झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायटा, पण भरपूर गेलाय आणि तो पण संकटग्रस्त आहे. दुकानात दिसला तर हेच प्रश्न विचारा. अजून एक, टँक बंद करायची वेळ आली तरी मासे मुळा-मुठेत सोडू नका, कुणाला तरी देऊन टाका.

मुळाकाठ
आत्ताच दुकानात जाऊन आलो. हॅचरीचं नाव विचारलं तर म्हणाले "केरळची पार्टी आहे, पोती भरून येतात". बिल नाही. नाही घेतले. ताई, तुमचे उरलेले दोघं कसे आहेत?

टँकवाली_सातारा
मस्त आहेत, आता वीतभर व्हायला आलेत. पण कळपातले मासे ना, दोघंच एका कोपऱ्यात चिकटून फिरतात.