मदत हवी आहे: निऑन माशांवर पांढरे ठिपके, आणि त्याच टाकीत कोळंब्या

दोन फुटी टाकी, साधारण 55 लिटर. आत निऑन टेट्रा आणि कुली लोच हे मासे, चेरी कोळंब्या, शिवाय जिवंत झाडं. निऑनच्या परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आलेत, मासे दगडांना अंग घासतायत. खाणं अजून सुरू आहे. पाण्यात अमोनिया, नायट्राइट ही विषारी द्रव्यं दोन्ही शून्य.

हीटर हळूहळू 25 वरून 29 अंशांवर नेलाय. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो म्हणून जादा एअर पंप लावलाय. तळ सायफनने साफ करून रोज पाव पाणी बदलतोय. तरी ठिपके वाढतायतच. मीठ टाकलेलं नाही, कारण लोच आणि झाडांना ते सोसत नाही. दुकानात मिळालेल्या औषधात मॅलेकाइट ग्रीन आहे, ते कोळंब्यांना घातक. दुकानदार म्हणतो, ‘टाका बिनधास्त’. त्याचं काय जातंय!

फक्त ठिपकेवाले मासे वेगळे काढून भागणार नाही, कारण हे ठिपके आणणारा परजीवी अंगावरून गळून तळाशी वाढतो आणि औषध लागू पडतं ते तो पाण्यात मोकळा फिरत असतानाच. म्हणून सगळेच मासे 30 लिटरच्या टबात हलवून औषध तिथेच द्यायचा विचार आहे. स्पंज फिल्टर जादा आहे, हीटर मात्र एकच, तो टबात जाईल. कोळंब्या टाकीतच राहतील, तिथलं पाणी 25 अंशांच्या आसपास असेल.

अशी टाकी माशांविना किती दिवस ठेवावी, म्हणजे परजीवी नक्की मरतील? आणि टबात लोच असताना औषध अर्ध्या मात्रेत दिलं तर निऑनना पुरेल का?