अनुभव धागा: हृदयशस्त्रक्रियेनंतर, उतारवयात कर्बोदके कमी करताना

माझी बायपास झाली तेव्हा मी ६७ वर्षांचा होतो. छातीचे हाड जुळून येईपर्यंतचे पहिले दोन-अडीच महिने जे घशाखाली उतरेल ते खाऊ द्यावे, असे घरच्यांचे धोरण होते आणि ते योग्यच होते. कारण त्या काळात तोंडाला चव नसते, भूक मेलेली असते आणि जखम भरण्यासाठी शरीराला पुरेसे अन्न, विशेषतः प्रथिने, लागतातच. त्यानंतरच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ८.१ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) २६० आले, दोन्ही जास्त, तेव्हा कर्बोदके कमी करण्याचा विषय निघाला. काय खावे आणि काय टाळावे याच्या याद्या मला भरपूर मिळाल्या, पण दिवसाला आठ गोळ्या घेणाऱ्या माणसाने ताट बदलले की त्या गोळ्यांचे काय करायचे, हे मला वेळेत कळले नाही. हा धागा त्यासाठी काढला आहे. ज्यांनी साठीनंतर, हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यावर हा आहार सुरू केला, त्यांनी कृपया लिहावे. वजन किती उतरले यापेक्षा पहिल्या काही आठवड्यांत काय घडले, कोणती औषधे चालू होती आणि कुठे चुकले, हे सविस्तर आले तर पुढच्यांना त्याचा उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेणे याला साधारणपणे लो कार्ब म्हणतात, तर २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली जाणे म्हणजे कीटो. या दोन्हींचे परिणाम वेगळे असल्याने आपण कोणत्या प्रमाणाबद्दल लिहीत आहोत हे प्रत्येकाने नोंदवावे.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी १०० ग्रॅमच्या आसपास आलो. भात आणि गव्हाचे पदार्थ निम्म्यावर आणले, साखर बंद केली, डाळी, अंडी आणि भाज्या वाढवल्या. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि हृदयासाठी मेटोप्रोलॉल चालू होती आणि दोन्ही मी पूर्वीच्याच मात्रेत घेत राहिलो. चौथ्या दिवशी पहाटे पत्नीने मला हलवून उठवले, कारण माझ्या सदऱ्याची कॉलर आणि उशीचा अभ्रा घामाने ओलाचिंब झाला होता. हात थरथरत नव्हते, छातीत धडधड नव्हती. त्यामुळे मी तिला उकडत असेल असे सांगून पुन्हा कूस बदलली. तिने ऐकले नाही, दिवा लावून माझ्या बोटाला सुई टोचली आणि यंत्रावर साखरेचा ५२ आकडा आला, म्हणजे साखर फार उतरली होती. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिने मला पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, तेव्हा ८४ होती.

डॉक्टरांनी सांगितले ते मी शब्द न शब्द लक्षात ठेवले आहे. ग्लिमेपिराइड ताटात काय आहे हे पाहत नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. आणि मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी साखर उतरल्याची थरथर आणि धडधड झाकून टाकते, घाम मात्र झाकत नाही. त्यांनी ग्लिमेपिराइड आधी निम्मी केली आणि पुढे बंद केली. ती मात्रा पहिल्या दिवसाआधीच बदलून घ्यायला हवी होती. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर हे अधिकच लागू आहे.

वय ७१, हृदयाची मिट्रल झडप बदललेली

माझी झडप मेकॅनिकल (कृत्रिम, धातूची) असल्यामुळे रक्त गोठू न देणारे वॉरफरिन जन्मभराचे आहे आणि माझा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; तो उतरला की गुठळीचा धोका वाढतो) २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान राहावा लागतो. मी भाताऐवजी दोन्ही वेळा वाटी भरून पालेभाजी घेऊ लागले. यात काही धोका असेल असे मनातही आले नाही, कारण पालेभाजी खा असे लहानपणापासून सगळेच सांगत आले. तीन आठवड्यांनी आयएनआर १.७ आला. हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते वॉरफरिनच्या नेमके विरुद्ध काम करते. म्हणजे मी रोज गोळी घेत होते आणि रोज तिचा परिणाम पुसत होते. झडपेवर गुठळी धरण्याची भीती काय असते, ते ज्यांच्या छातीत झडप टिकटिकते त्यांनाच ठाऊक.

डॉक्टरांनी पालेभाजी बंद करायला सांगितली नाही. रोज सारखेच प्रमाण ठेवा, आम्ही गोळी त्याप्रमाणे बसवू, असे ते म्हणाले. आता एकच वाटी ठरलेली आहे, तीच रोज, आणि आहारात काहीही बदल केला की पुढचे काही आठवडे मी दर आठवड्याला रक्त तपासून घेते.

वडिलांच्या वतीने, वय ७६

वडिलांची बायपास झाली असून हृदयाची ताकद कमी असल्याने त्यांना लघवीची गोळी आणि बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. पहिल्याच आठवड्यात दोन किलो वजन उतरले, याचा आम्हाला आनंद झाला. सहाव्या दिवशी मात्र अंथरुणातून उठताना ते भिंतीला धरून खाली बसले. उभे असताना वरचे बीपी ९० होते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, ते सुरुवातीला निघून जाते. शिवाय इन्सुलिन उतरले की मूत्रपिंडे मीठही जास्त बाहेर टाकतात. त्यावर लघवीची गोळी तशीच चालू होती. ते दोन किलो म्हणजे बहुतांशी पाणी होते, चरबी नव्हे. गोळ्यांची मात्रा कमी केल्यावर चक्कर थांबली. मिठाच्या जागी मिळणारे पोटॅशियमचे मीठ आम्ही आणणार होतो, पण बीपीच्या काही गोळ्यांनी रक्तातले पोटॅशियम आधीच वाढलेले असू शकते, म्हणून डॉक्टरांनी ते सक्त मना केले.

वय ६४, बायपास, चार ग्राफ्ट (जोडलेल्या रक्तवाहिन्या)

माझा अनुभव सांगताना मला वाईट वाटते, पण सांगतो. मी ४० ग्रॅमवर गेलो, लोणी, साय आणि चरबीयुक्त मांस मनसोक्त खाल्ले आणि सहा महिन्यांत ९ किलो वजन उतरवले. ट्रायग्लिसराइड निम्म्याखाली आले, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) वाढले, कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला. या यशाच्या भरात मी कोणालाही न विचारता कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन बंद केले. पुढच्या तपासणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७१ होते. शस्त्रक्रियेनंतर ते ७० च्या खाली ठेवण्यास मला बजावले होते. पायातून काढून हृदयावर शिवलेल्या शिरा काही अमर नसतात, त्यांतही चरबीचे थर साचतात, हे मी ऐकले होते आणि सोयीस्करपणे विसरलो होतो.

स्टॅटिन पुन्हा सुरू केले. कर्बोदके ८० ग्रॅमवर आणली आणि लोणी-सायीची जागा मासे, दाणे, बदाम आणि वनस्पती तेलांना दिली. वजन पुन्हा वाढले नाही आणि एलडीएल ६६ वर आले. कर्बोदके कमी करणे म्हणजे त्यांच्या जागी वाटेल ती चरबी खाणे नव्हे, हे मी आता मनापासून मानतो.

(धागाकर्ता: तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. माझेही ट्रायग्लिसराइड उतरले आहेत. तुमचे वाचून मी एलडीएलची तपासणी पुढच्या आठवड्यावर घेतली.)

वय ६९, बायपास

हे थोडक्यात लिहिते, पण डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे. मला यांपैकी एक गोळी मधुमेह आणि हृदय या दोन्हींसाठी होती आणि मी ३० ग्रॅमवर गेले. दहाव्या दिवशी मळमळ, उलट्या आणि न थांबणारी धाप लागली. घरच्या यंत्रावर साखर १९० होती, त्यामुळे साखरेचा काही प्रश्न नाही असे आम्ही धरून चाललो आणि अख्खा दिवस घालवला. रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढून आम्ल साचले होते. या गोळ्यांसोबत ते साखर फारशी न वाढताही होऊ शकते, हे मला अतिदक्षता विभागात कळले.

वय ७८, बायपास आणि झडप

मी हा आहार सोडला आहे, आणि तोही अनुभव या धाग्यात असावा. माझ्या गोळ्या आधीच बदलल्या होत्या, साखर छान होती, आकड्यांत कुठेही खोट नव्हती. भूक मुळात कमी. त्यात भात आणि बटाटे गेले आणि त्यांच्या जागी खायचे ते प्रथिनांचे पदार्थ मला चावत नव्हते. चार महिन्यांत ६ किलो वजन उतरले. सगळे अभिनंदन करत होते. एके दिवशी जेवण झाल्यावर मी खुर्चीतून उठायला गेलो आणि उठता आले नाही. हात टेकायचे तर शस्त्रक्रियेनंतरची सवय म्हणून मी हात छातीशी धरूनच उठत असे. मांड्या तेवढा भार घेईनात. दोनदा प्रयत्न करून मी तसाच बसून राहिलो आणि सून येईपर्यंत कोणाला हाक मारली नाही.

आहारतज्ज्ञांनी मूत्रपिंडांची तपासणी पाहून प्रथिने वजनाच्या दर किलोला सुमारे १.२ ग्रॅम एवढी ठरवली, ती मऊ रूपात दिवसभरात वाटून दिली आणि कर्बोदके १५० ग्रॅमपर्यंत परत आणली. साखर किंचित वाढली आहे आणि डॉक्टरांना ती चालते. रोज सकाळी त्याच खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठायचे असा व्यायाम दिला आहे. सध्या सात वेळा होते.