ट्रस्टच्या चाळीत भाडं घेईनात, पावती देईनात, आता खोली खाली करा म्हणालेत

पूर्वभाग_खोली९:

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका जुन्या चाळीत राहते. चाळ एका धर्मादाय ट्रस्टची आहे. मागावरच्या आणि विडीच्या कामगारांना कमी भाड्यात जागा मिळावी म्हणून बांधली, असं दारावरच्या दगडात कोरलंय. एकूण १८ खोल्या. आमची १० बाय १२ ची, मागं मोरी, पुढं ओटा. सासरे १९७८ ला इथं आले. भाडं महिना १८० रुपये.

सासरे २०११ ला गेले. पावती अजून त्यांच्याच नावानं फाटायची, आम्हीही कधी काही म्हटलं नाही. गेल्या दिवाळीपासून मॅनेजर भाडंच घेत नाही. पावती मागितली की म्हणतो, "मेलेल्या माणसाच्या नावानं कसली पावती मागालाव? तुम्ही कोण?"

जुलैत रात्री दीडला छताचा गिलावा पडला. सासूबाई जिथं विड्या वळत बसतात बरोबर तिथं. दिवसा पडला असता तर आज मी हे लिहीत नसते. वरून पाणी गळालं आणि कारखान्यातनं आणलेली तंबाखू भिजली. त्याचे पैसे आमच्याच मजुरीतनं कापले.

आता पाण्याच्या टाकीची मोटार बंद केलीय. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. टाकी भरली नाही तर १६ घरांनी काय करायचं? (दोन घरं गेली. ४० हजार घेऊन, खोली सोडतो अशी स्टॅंपवर सही केली.) तोच कागद आता माझ्या पुढ्यात आलाय. मॅनेजर म्हणतो, धर्मादाय जागा आहे, इतकी वर्षं उपकारावर राहिलात, हक्क कसला?

खरंच हक्क नसतो का? माझं शिक्षण दहावी. कायद्याचं कुणी नीट सांगाल का?

जुना_कारकून:

ताई, पहिली गोष्ट, त्या स्टॅंपवर सही करू नका. मी ३० वर्षं वकिलांच्या हाताखाली काम केलं. घाईत केलेली एक सही निस्तरायला किती वर्षं जातात ते डोळ्यांनी पाहिलंय.

उपकाराची भाषा मनातून काढून टाका. तुम्ही ४५ वर्षांहून जास्त भाडं भरलंय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ खाजगी मालकाला लागू आहे तसा ट्रस्टलाही आहे. सरकारच्या आणि महापालिकेच्या मालकीच्या जागा यातून वगळल्या आहेत. ट्रस्टच्या जागा आपोआप वगळलेल्या नाहीत. नाममात्र भाड्यानं दिलेल्या धर्मादाय जागांना सरकार राजपत्रात आदेश काढून सूट देऊ शकतं. तसा आदेश असेल तर दाखवा, असं लेखी मागा.

"तुम्ही कोण" याचं उत्तर कलम ७ च्या पंधराव्या पोटकलमात आहे. राहत्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो. २०११ च्या आसपासचं रेशनकार्ड, मतदारयादी, वीजबिल, मुलांचा शाळेचा दाखला, पत्ता असलेलं जे सापडेल ते काढून ठेवा. जुन्या पावत्यांची एकही चिठ्ठी टाकू नका.

भाडं घेत नाही ही जुनी युक्ती आहे. वर्षभर भाडं घ्यायचं नाही आणि मग थकबाकीदार म्हणून दावा लावायचा. कलम १५ प्रमाणे भाडेकरू भाडं द्यायला तयार असेल तोवर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. पण तयारी कागदावर दिसली पाहिजे. ट्रस्टच्या नावानं चेक काढा, स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. घेतला तर भाडं पोचलं. "घेण्यास नकार" शेरा मारून परत आला, तर ते पाकीट न फोडता तसंच जपा. पुढं दावा लागलाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरून बचाव करता येतो. पावती देणंही मालकावर बंधनकारक आहे, कलम ३१.

पाण्याबद्दल कलम २९ आहे. योग्य कारणाशिवाय पाणी, वीज यांसारखी सोय मालकाला तोडता येत नाही. दिवाणी न्यायालयात अर्ज करा, कोर्ट ती सुरू करायला लावतं. यात मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदसुद्धा आहे.

आणि वकिलाच्या फीची काळजी करू नका. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय आहे. फोन करायचा तर १५१००.

चाळकरीण:

आम्ही यातून गेलोय, म्हणून लिहिते. आमचा मालक खाजगी होता, पण गोष्ट तीच. आधी दुरुस्ती करायची नाही, मग पडायला आली म्हणून बाहेर काढायचं.

उद्या मॅनेजर "चाळ धोकादायक आहे" म्हणाला, तरी त्याच्या तोंडचं चालत नाही. इमारत तपासून तिचा प्रकार ठरतो. सी-१ म्हणजे राहण्यालायक नाही, पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. या तपासणीचा, म्हणजे ऑडिटचा कागद बघायला मागा. आम्ही महापालिकेत माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकला, तेव्हा कळलं की ऑडिट झालेलंच नाही!

पण ताई, खरंच सी-१ निघाली तर हट्टानं राहू नका. गिलावा पडलाय, सासूबाईंचं वय झालंय. जीव आधी. फक्त बाहेर पडण्याआधी महापालिकेकडून भाडेकरूंची यादी आणि प्रत्येक खोलीचं चटईक्षेत्र नोंदवून घ्या, प्रत हातात घ्या. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. आम्ही टेप धरून स्वतः मोजलं, मोबाईलवर फोटो काढले, मगच भांडीकुंडी उचलली.

हैद्राबादरोड:

एवढ्या कटकटीपेक्षा कुंभारीला घर बघा की. रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प आहे, त्यातली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली. स्वतःचं घर होईल.

पूर्वभाग_खोली९:

दादा, चांगल्या मनानं सांगितलंत. आमची नणंद तिथंच आहे. पण आम्ही तेव्हा अर्ज भरला नव्हता, भरायला पैसेही नव्हते. आणि सासूबाईंना विडीची पानं-तंबाखू आणायला आणि विड्या द्यायला इथून चालत जाता येतं. मिस्टरांची रात्रपाळी. तिथून रोजचं रिक्षाभाडं काढलं तर हातात काय उरतं? आणि दुसरीकडं घर आहे म्हणून इथला गिलावा कुणी करायचाच नाही का?

जुना_कारकून:

बरोबर बोललात. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी, कलम १४. किमान १५ दिवसांची नोटीस द्या. वाजवी वेळेत केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. तुमचं वर्षाचं भाडं २,१६०, म्हणजे ५४० रुपये. एकटीच्या पैशात काही होणार नाही. सगळ्यांनी मिळून नोटीस द्या, कायद्यात तशी सोय आहे.

अजून एक. सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून ट्रस्टच्या शेड्यूल वनची नक्कल काढा. विश्वस्त कोण, मिळकत कोणती, सगळं त्यात असतं. ट्रस्टची मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. चाळ बिल्डरला द्यायचा विचार असेल तर ही परवानगी त्यांना लागणारच, तेव्हा तिथंही लेखी अर्ज देऊन ठेवा.

पूर्वभाग_खोली९ (पाच आठवड्यांनी):

सगळ्यांना नमस्कार. काय झालं ते सांगते.

नोटिशीवर ११ घरांनी सह्या केल्या. पाच घरं घाबरली, त्यांच्यावर माझा राग नाही. विधी सेवेतून एक वकील मॅडम मिळाल्या, त्यांनी नोटीस लिहिली. ती पोचली आणि तिसऱ्या दिवशी मोटार सुरू झाली. कोर्टात जावं लागलं नाही.

भाड्याचा चेक परत आला, नकाराच्या शेऱ्यासह. पाकीट ट्रंकेत आहे, जुन्या पावत्यांसोबत. सासऱ्यांनी १९७८ पासूनच्या पावत्या तारेत ओवून ठेवल्या होत्या. मी सून म्हणून आले तेव्हा हा कचरा कशाला म्हणायची. आता रोज एकदा ट्रंक उघडून बघते.

शेड्यूल वन मिळालं. चाळ ट्रस्टच्या मिळकतीत आहे. मॅनेजरचं नाव विश्वस्तांत कुठंच नाही. आम्ही नोटिशीची प्रत विश्वस्तांच्या घरच्या पत्त्यावर पाठवली. त्यातले एक म्हातारे गृहस्थ स्वतः येऊन छत बघून गेले. मॅनेजरनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं म्हणे. दुरुस्तीचं मात्र अजून "बघू" चाललंय.

११ घरांचे ५,९४० होतात. त्यात सुटलेला गिलावा काढून घेतला आणि तीन खोल्यांत टेकू लावले. स्लॅबला गवंड्यानं सांगितलेला आकडा आमच्या आवाक्यातला नाही, त्यासाठी मॅडम पुढचा अर्ज करणार आहेत. ऑडिटसाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय, ३० दिवस व्हायचेत.

आता एक विचारायचंय. ४० हजार घेऊन गेलेल्या दोन घरांपैकी एकीला निम्मेच पैसे मिळाले. सही केलेल्या स्टॅंपची प्रतही तिला दिली नाही. तिची खोली रिकामी आहे, वर मॅनेजरचं कुलूप आहे. कारकून काका, तिला काही करता येईल का? ती आत्ता माझ्या शेजारीच बसलीय.