बोर्डोचा चुना मगाने मोजू नका

एकाने विचारलंय, ‘एक लिटर म्हणजे एक किलोच ना?’ पाण्यापुरतं ते जवळजवळ खरं आहे. बाकी पदार्थांची घनता, म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, वेगळी असते.

आपल्या नाशिकच्या द्राक्षबागांत ही गल्लत नडते ती बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, करताना. १ टक्का बोर्डोसाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि साधारण तेवढाच चुना लागतो. हे किलो आहेत, मग नव्हेत! विरलेल्या चुन्याच्या भुकटीत हवा भरपूर असते. लिटरच्या मगात ती जेमतेम अर्धा किलो मावते, आणि तो मग आपटला की तीच भुकटी खाली बसते. वस्तुमान तेच, आकारमान बदललं. चुना कमी पडला की द्रावण आम्ल राहतं आणि कोवळी पानं करपतात. म्हणून तराजूच वापरा. शिवाय स्वच्छ लोखंडी खिळा द्रावणात थोडा वेळ बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा.

किलोत मोजतो ते वस्तुमान; वजन हे मात्र बल आहे. १ किलोला पृथ्वी सुमारे ९.८ न्यूटनने ओढते, चंद्र १.६ ने. दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानांची तुलना करतो, म्हणून तो दोन्हीकडे सारखंच सांगेल. स्प्रिंगचा काटा नाही.

हायड्रोमीटरने (द्रवात तरंगून घनता दाखवणाऱ्या उपकरणाने) द्राक्षाचा रस तपासणाऱ्यांसाठी: २२ ब्रिक्सचा, म्हणजे वजनाने साधारण २२ टक्के साखरेचा, रस लिटरला सुमारे १.०९ किलो भरतो. हायड्रोमीटरला चिकटलेले बुडबुडे गिरकी देऊन आधी झाडा, नाहीतर तो वर उचलला जाऊन आकडा जास्त येतो. रस उपकरणावर लिहिलेल्या तापमानापेक्षा गरम असेल, तर आकडा कमी येतो.