कड्यावरून पाण्यात उडी: जागा उंचीवर ठरवायची की बाहेर यायच्या वाटेवर?

पाणकावळा (धागाकर्ता)

कड्यावरून पाण्यात उड्या मारायच्या जागांची कुठलीही यादी उघडा, पहिला आकडा उंचीचा असतो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचं, उडी मारून झाल्यावर बाहेर कुठून यायचं. तिथे धड वाट नसेल तर कडा कितीही देखणा असो, माझ्याकडून फुली.

या हिशोबाने माझी पहिली पसंती जमैकात निग्रिलच्या पश्चिम टोकाला. चुनखडीचे कडे, खाली कोमट समुद्र, वर यायला शिड्या. उंचीही झेपेल तशी निवडता येते, साधारण दहा मीटरपर्यंत. दुसरी जागा स्वित्झर्लंडमधल्या लाव्हेर्तेझ्झोची. दोन कमानींचा जुना दगडी पूल, खाली वर्झास्का नदीचा हिरवागार डोह, आणि काठाला पाण्याने घासून गुळगुळीत केलेला खडक, त्यावर आडवं पडून तासभर अंग शेकत बसावं.

तुमच्या आवडत्या जागा सांगा. फक्त 'इतके मीटर' एवढंच लिहू नका.

भिडू नंबर तीन

असहमत. शिड्याच हव्यात तर तरण तलावात जा की! (हलके घ्या.)

कड्यावरून उडी मारण्यात उंचीच तर मुख्य आहे. हवाईतल्या लानाई बेटावर काउनोलूला 'काहेकिलीची उडी' म्हणून जागा आहे, सुमारे ६० फुटांची. अठराव्या शतकात माउईचा राजा काहेकिली तिथून उडी मारायचा आणि आपल्या योद्ध्यांनाही मारायला लावायचा, असं सांगतात. कसोटी कसली? पाय खाली ठेवून सरळ जायचं आणि पाणी जवळजवळ उडवायचं नाही. त्याने बाहेर यायची वाट मोजली असेल असं वाटत नाही.

आणि मोस्तार? बोस्नियातला १५६६ चा पूल, १९९३ मध्ये युद्धात पाडला गेला, २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला, आणि तिथली पोरं पुन्हा खालच्या नेरेत्वा नदीत उड्या मारायला लागली. पाण्याच्या पातळीप्रमाणे २० ते २४ मीटर. तो पूल आठ मीटरचा असता तर तुम्ही-आम्ही त्याचं नाव ऐकलं असतं का?

टिटवी

पाणकावळा, तुमची कसोटी चांगली आहे पण अर्धीच. हवाईच्याच मोठ्या बेटाचं दक्षिण टोक, का लाए, घ्या. उडी साधारण १२ मीटरची, वर यायला शिडीही लावलेली, म्हणजे तुमच्या हिशोबात पास. पण तिथल्या कातळात जुनी भोकं पाडलेली आहेत, बघितलीत का? पूर्वीचे मासेमार त्यांत दोर ओवून होड्या बांधून ठेवायचे, कारण प्रवाह होडीसकट माणसाला बाहेर ओढून नेतो. होडी बांधावी लागते तिथे शिडी काय कामाची? तुम्ही वर येईपर्यंत शिडी मागे राहिलेली असते.

वर्झास्काचंही तेच. शांत हिरवं पाणी फोटोत. त्या नदीत लोक बुडालेले आहेत. डोहाच्या खालच्या अंगाला पाणी अरुंद जागेत घुसतं आणि ओढ एकदम वाढते. तुमचा तो गुळगुळीत खडक ओला असताना हाताला लागतो पण पकड देत नाही.

पाणकावळा

ओढीचा मुद्दा मान्य. पण मग माझी कसोटी खोटी नाही, नीट वापरायला हवी एवढंच. 'वाट' म्हणजे नुसती शिडी नव्हे, पाणी तुम्हाला जिथे नेईल तिथून बाहेर येता येणं. निग्रिल या अर्थानेही टिकतं, अर्थात समुद्र खवळलेला नसताना.

उंटावरचा शहाणा

भिडू, उंचीचं थोडं गणित. ५ मीटरवरून पाण्यावर आपटताना वेग ताशी ३६ किलोमीटर, १० मीटरवरून ५०, २० मीटरवरून ७१. उंची चौपट केली की वेग दुप्पट, पण शरीरात साठलेली ऊर्जा चौपट, आणि ती सगळी पाण्यात शिरतानाच्या क्षणात जिरवायची असते. जागतिक स्पर्धेत पुरुष २७ मीटरवरून उतरतात, ताशी ८० च्या वर. ते खाली पायांवर उतरतात, डोक्यावर नाही, आणि पाण्यात पाणबुडे आधीपासून थांबलेले असतात. ती माणसं वर्षानुवर्षं सराव करून तिथवर पोचलेली आहेत. आपण पोटावर आपटलो तर दहा मीटरलाच कळतं.

अवांतर: आधी दगड टाकून 'पाण्याचा ताण मोडायचा' ही भाकडकथा आहे. तलावांत सूर मारणाऱ्यांसाठी पाण्यावर फवारा सोडतात तो पृष्ठभाग नजरेला दिसावा म्हणून. पाणी त्याने मऊ होत नाही.

सावळागोंधळ

पाणी नितळ असेल तर काळजी नको, वरूनच खोली कळते. मी तर तळ दिसल्याशिवाय उडी मारत नाही.

उंटावरचा शहाणा

@सावळागोंधळ, नितळ पाण्यात तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो. ४ मीटर खोल पाणी सरळ वरून बघितलं तर ३ मीटर वाटतं, तिरकं बघितलं तर आणखी कमी. म्हणजे नजरेची चूक सुरक्षित बाजूलाच जाते. खरी गोची वेगळी आहे: गेल्या पुरात वाहून आलेला ओंडका किंवा धोंडा सावलीत बसला असेल तर नितळ पाण्यातही दिसत नाही. मास्क लावून पोहत जाऊन बघण्याला पर्याय नाही. आणि धबधब्याच्या अगदी पायथ्याशी पांढऱ्या फेसात उडी नकोच. पाण्यात हवा मिसळलेली असते, अंग नेहमीसारखं वर तरंगत नाही.

भिडू नंबर तीन

गणित बरोबर आहे हो, पण मेक्सिकोतल्या अकापुल्कोच्या ला केब्राडा कड्याचं काय करायचं? सुमारे ३५ मीटर, तेही सूर मारून, डोकं खाली. खालची घळ इतकी अरुंद की लाट आत शिरते तेवढा वेळच पुरेसं पाणी. उडी लाट येताना सोडायची, आल्यावर नाही. १९३४ पासून हे चाललंय. आणि बाहेर यायची वाट म्हणजे तोच कडा, हातापायांनी चढायचा. सांगा, पाणकावळा, पास की नापास?

टिटवी

तो कडा पास, पण त्या लोकांसाठी. त्यांना तिथली लाट पाठ असते. मोस्तारची मुलंसुद्धा उडीआधी अंगावर गार पाणी ओतून घेतात, कारण नेरेत्वा ऐन उन्हाळ्यातही थंडगार. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात अचानक गेलं की छाती आपोआप मोठा श्वास ओढते, तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर खेळ संपला. पुढची दोन-तीन मिनिटं श्वास ताब्यात नसतो. पट्टीचा पोहणाराही यात फसतो. पाहुणे येतात, कठड्यावर चढतात, पाण्याला बोटही न लावता उडी टाकतात.

पाणकावळा

ला केब्राडा नापास. बघायला जाईन, टाळ्या वाजवीन, पैसेही टाकीन.

थंडीचं मात्र यादीत वरच घ्यायला हवं. वर्झास्का दुसऱ्या क्रमांकावरून खाली. तिथे आता आधी काठावरून पोहून अंग सरावलं तरच उडी, तीही पुलाच्या माथ्यावरून नाही, बाजूच्या कमी उंचीच्या खडकावरून.

भिडू नंबर तीन

म्हणजे दोन जागांच्या यादीत एकच धड उरली. मोस्तार घाला, मी गार पाणी ओतून घ्यायला तयार आहे.